बचावफळी

शनिवारी पुन्हा चार गोल खाल्ले.
रविवारी सकाळी शेडमधला स्टोव्ह पेटायच्या आत
मर्डो दारात. टोपी काढली नाही, बसला नाही.
"डावीकडून," म्हणाला. "चारही डावीकडून."
घरफोडी झालेल्या माणसाला
उघडी खिडकी सापडावी, तसा.

मी एका जुन्या होडीची तळाची फळी उचकटत होतो.
माझं कामच ते. पिटगार्व्हीच्या बंदरात
आता होड्या उरल्यात अकरा,
म्हणजे एक संघ होईल, राखीव कोणी नाही.
क्लबचंही तेच.

मग इनिस आला. मग एफी,
बेकरीतून थेट, हाताला पीठ तसंच.
सभा भरली.

स्ट्रुअनचे गुडघे गेलेत, इनिसचं म्हणणं.
छत्तिशीचा माणूस,
आठवडाभर लोकांच्या घरी वायरिंग करतो,
शिड्या चढतो, शिड्या उतरतो,
"आणि शनिवारी तो वळेपर्यंत
बंदरात ट्रॉलर वळून येतो."
"पण डोक्याने?" एफी म्हणाली.
"हवेतला एक तरी चेंडू सोडलाय त्याने?"
"हवेतून येतंय कोण आता, एफी?
जमिनीवरून येतात. उंदरासारखे."

मधे तो ग्लासगोहून उसना आणलेला पोरगा.
उंच, देखणा,
पास असा देतो की बघत राहावं.
तोही बघत राहतो.

आणि गोलकीपर. त्याला तोंड आहे, आवाज नाही.

तर हवेत: एक डावा, एक मधला,
एक कोणीतरी ओरडणारा.
इनिसने खडूने माझ्याच लाकडावर लिहिलं.
खाली एफीने लिहिलं: दोनशे दहा पौंड.
गेल्या महिन्याची क्लबची लॉटरी.
"एवढ्यात एक गुडघा येईल," ती म्हणाली,
"तोही वापरलेला."

म्हणून गाडी गॅलब्रेथवर आली. येतेच.
"मैदान उताराचं आहे म्हणे!" मर्डो भडकला.
"नाचता येईना, अंगण वाकडं.
सत्तर वर्षं वाकडंच आहे ते.
माझा बाप खेळला त्यावर, घसरत का होईना.
काढा त्याला. आजच काढा."
"आणि आणणार कोणाला?"
याला कोणाकडे उत्तर नव्हतं.
बाहेर दोरखंड डोलकाठीवर आपटत होते.

गॅलब्रेथ शाळेची बस चालवतो.
क्लब देतो त्यात पेट्रोलही भागत नाही.
मर्डोची नात त्याच बसने जाते.
मर्डोच बोलला, कोणी विचारलं नव्हतं:
"मॉर्व्हन सांगते, पूर्वी तो शीळ घालायचा गाडी चालवताना.
ऑक्टोबरपासून बंद.
परवा तिचा थांबा आला तर थांबलाच नाही,
पार पुलापर्यंत गेला,
मग बस वळवून आणली, खाली उतरला,
आणि सॉरी म्हणाला. सात वर्षांच्या पोरीला."

स्टोव्हमधलं लाकूड सरकलं.

"काढू नये असं नाही म्हणत मी," मर्डो म्हणाला.
"काढावाच. पण मे महिन्यात. करार संपला की.
हात मिळवून, चहा पाजून."

मी सहसा बोलत नाही. माझ्या तोंडात खिळे असतात.
त्या दिवशी ते काढून ठेवले आणि म्हणालो,
नवी फळी बसवली की पहिले काही तास होडी गळतेच.
लाकूड पाणी पितं, फुगतं,
सावकाश शेजारच्या फळीला जाऊन भिडतं.
एकटी फळी किती भक्कम, त्याला अर्थ नसतो.
एकत्र पाण्यात राहावं लागतं.

बरं बोललो, असं वाटलं मला.
इनिसने मानही हलवली.
मर्डोने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.
"मार्च चालू आहे," म्हणाला.
"आपण ऑगस्टपासून पाण्यात आहोत."

एफी इतकी हसली की पीठ उडालं.

निघताना मर्डो दारापाशी अडखळला.
उचकटलेली फळी तिथे भिंतीला टेकवली होती,
काळी, कडेला कुजलेली, जुन्या खिळ्यांची भोकं.
त्याने वाकून ती उचलली,
अंगठ्याचं नख रोवून पाहिलं,
एकदा, आणि जरा वर सरकून परत एकदा.
"हिने," म्हणाला, "अजून एक हंगाम काढला असता."