उटी

बिस्त्रिकमधला आमचा रस्ता इतका उभा
की ह्याचा जिना का नाही केलात, असं
टपालवाला अजून विचारतो.

मुहारेम म्हणायचा, नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवतो
तो सपाटीवरचा माणूस.
स्वतः हँडब्रेक ओढायचा, कर्र कर्र कर्र,
पहिला गियर टाकायचा, पुढची चाकं तिरकी करायचा,
आणि एवढं करून उतरायचा,
मागच्या चाकाला लावायचा उटी:
मिल्याच्का नदीतला, पावाएवढा दगड.
मग बुटाच्या टाचेने त्याला एक ठोसा.
"झोप," म्हणायचा गाडीला.

मला वाटायचं, उभी गाडी म्हणजे थांबलेली गाडी.
तसं नसतं.
ती रात्रभर खाली निघालेली असते
आणि रात्रभर कुणीतरी तिला नाही म्हणत असतं.
रबर डांबराला धरून,
इंजिन दात आवळून,
आणि सगळ्यांच्या शेवटी तो दगड,
ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

जानेवारीत मुहारेम गेला.
लाल झास्तावा तिथेच. बर्फ पडला, वितळला,
वायपरखालची पिझ्झाची जाहिरात भिजून वाळली.
हँडब्रेकची तार कधीच सैल पडली असणार,
ल्यूबो मेकॅनिक म्हणाला.
उटीला मात्र कुणी हात लावला नाही.

मे महिन्यात ग्रात्सहून मुलगा आला, सेनाद,
गाडी विकायला.
वाकून दगड ओढला. हलेना.
लाथ मारली. हलेना.
चार महिन्यांचं ओझं बसलेलं त्याच्यावर.
ल्यूबो हसला: अरे, तो असा नाही निघायचा.
खाली न्यायचीय ना?
मग आधी वर ढकल.

ल्यूबोने आत बसून गियर काढला.
बेकरीतली सानेला पिठाच्या हातांनी,
टपालवाला पिशवीसकट,
सेनाद, मी,
खांदे लावले, होऽऽप,
चार बोटं.
फक्त चार बोटं वर.
दगड आपसूक मोकळा झाला.

फदिला खाली आली. एप्रनने तो पुसला,
दोन्ही हातांत धरून वजन पाहिलं.
डांबरावर त्याच्या मापाचा फिकट डाग.
"जा आता," ती म्हणाली.
गाडीला, मुलाला, की आणखी कुणाला,
आम्ही विचारलं नाही.

हल्ली तो तिच्या दाराशी असतो,
वाऱ्याने दार मिटू नये म्हणून.
चढ चढून दमलो की मी तिथे जरा थांबतो,
आणि कुणी बघत नसलं तर
टाचेने एक ठोसा देतो.