शिवण

फ्रायबुर्गला हिवाळ्यात चारलाच अंधारून येतं.
तिसऱ्या मजल्यावर हीटर खोकत असतो
आणि काल्टेनबाख बाई म्हणतात, आज एकच वाक्य.
पहिलं कलम, पहिली ओळ.
ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत नेऊन दाखवायची.

माणसाची प्रतिष्ठा अमुक आहे.
तेवढं 'अमुक' काय, ते सांगा.

रेफिल्वे म्हणाली, आमच्याकडे ती उपजत असते,
शिवाय तिचा मान राखून घ्यायचा हक्कही असतो.
हक्क म्हटला की कोर्टाची पायरी आली, म्हणून हसली.
बोरोका म्हणाली, आमच्याकडे हाच शब्द, अगदी हाच,
जागच्या जागी आहे.
खोलीतलं बाकी सामान तेवढं हलवलंय.
आन्सेल्मो काहीच बोलला नाही.
त्याच्या देशानं लागोपाठ दोन घटना लिहिल्या
आणि दोन्ही मतपेटीत बुडवल्या.
तो दोन्ही मसुदे दप्तरात घेऊन हिंडतो,
वजन होतं तरी.

मग माझी पाळी.

शब्द सरळ होता, फोड करायला सोपा:
हात लावता येत नाही असं.
मी तो उचलून मराठीत ठेवला,
आणि वहीत वाक्य झालं:
माणसाची प्रतिष्ठा अस्पृश्य आहे.

इथे जे पहिल्या कलमात मखरात बसलंय
ते आमच्या सतराव्यात
गुन्हेगार म्हणून उभं.
दोन घटना, मध्ये सात-आठ महिन्यांचं अंतर,
दोन्ही घरांत नुकतंच काहीतरी जळलेलं,
आणि हात लावण्याबद्दल
एकमेकींच्या नेमक्या उलट बोलताहेत,
म्हणायचंय मात्र एकच.

बाई म्हणाल्या, फारच सुंदर उदाहरण. यावर निबंध लिहा.
मी सांगितलं, मागच्या दारी कोनाड्यात
कान तुटलेला एक कप असायचा, वेगळा.
सगळ्यांनी टिपून घेतलं.
त्या कपाच्या कुठल्या बाजूला मी होते
ते कुणी विचारलं नाही,
मीही आपणहून सांगितलं नाही.

परतताना कोटाचं अस्तर टाकायचं होतं.
रेम्झी उस्ताच्या दुकानावर पाटी आहे: दुरुस्ती.
घटनेच्या दुरुस्तीलाही इथे हाच शब्द.
मी तसं म्हटलं तर तो सुई दातात धरून म्हणाला,
माहीत आहे. पोरीच्या शाळेच्या पुस्तकात वाचलंय.
पहिल्या कलमात 'माणूस' लिहिलंय,
आठव्यात 'जर्मन'.
छत्तीस वर्षं झाली, मी पहिल्यात बसतो.
आठवं कमरेत घट्ट होतं.

मग त्यानं टेप काढली.
खांद्यावर दोन बोटं ठेवली,
काखेपाशी खडूची रेघ ओढली,
कॉलर सारखी केली. न विचारता.
मी दचकले, का ते मलाच कळेना.

आमच्या भाषेत शिवणं म्हणजे टाके घालणं
आणि शिवणं म्हणजे हात लावणं.
हे त्याला कसं सांगावं
या विचारात मी उभी राहिले, हात पसरून,
बुजगावण्यासारखी.
बाहेर गटारीएवढ्या ओढ्यातून
पाणी रस्त्याच्या कडेनं पळत होतं,
कुणाचं तरी पोर त्यात कागदी होडी सोडत होतं.

बुधवारी न्या, तो म्हणाला.
आणि हे बघा, ही मूळची शिवण मी उसवत नाही.
उसवली तर मग
कोट दुसराच होईल.

निबंध अजून पूर्ण नाही.
पहिलं पान तेवढं झालंय, त्यावर तळटिपा नऊ.
आणि 'अमुक'च्या जागी
मी मोकळी जागा सोडलीय,
बोटभर.