कोंडा

घर त्याला, गाडी त्याला, बँकेतलं निम्मं मला.
कागदावर शिक्का मारायच्या आधी
मी म्हटलं, मला ते भांडं हवं.
शिगेओ हसला. "कोंड्याचं? ने की.
घरभर वास मारतो त्याचा."
त्याची आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.
वळली नाही. नळ मात्र बंद केला.

गुडघ्याएवढं भांडं, तपकिरी,
काठाला टवका उडालेलं.
आत तांदळाचा कोंडा, मीठ, समुद्रातली वाळलेली पात,
दोन लाल मिरच्या, डोंगरी मिरीचे हिरवे दाणे
आणि एक गंजका खिळा,
वांग्याचा रंग उतरू नये म्हणून.
खिळा कुठल्या होडीतला, कुणी उपटलेला,
हे तोयोनोलाही ठाऊक नव्हतं.
तिला तिच्या सासूकडून आला. सासूला तिच्या.
एका ऑगस्टात, सकाळी, कोकुरावर ढग होते
म्हणून भांडं राहिलं, असं एकदा म्हणाली
आणि काकडी पुसायला लागली.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात
मी वही घेऊन तिच्यासमोर बसले होते.
तिने वही बाजूला सारली, माझं मनगट धरलं
आणि हात कोपरापर्यंत आत खुपसला.
वर गार. खाली जरा कोमट,
जणू कुणी तिथून आत्ताच झोपून उठलंय.
"वरचं खाली, खालचं वर. आता मूठ दाब.
बोटांच्या फटींतून पाणी सुटलं तर कोंडा कमी आहे."
मीठ किती? "तोंड वाकडं होईल इतकं."
आणि हे किती दिवस करायचं?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मी, श्वास किती दिवस घ्यायचा, असं विचारलं असावं.

बावीस वर्षांत तिने मला एकदाही बरं म्हटलं नाही.
माझ्या भाताला, इस्त्रीला, माहेरच्या बोलीला,
सगळ्याला नाक मुरडलं.
फक्त एका उन्हाळ्यात, मुळ्याची फोड चावता चावता,
"ही माझ्या हाताची चव नाही," म्हणाली.
मी दिवसभर धास्तावलेली.
रात्री भांडी घासताना दिसलं,
तिच्या ताटलीत एकही फोड उरली नव्हती.

आता मी टायरच्या दुकानावर राहते.
दोन खोल्या. भांडं सिंकखाली.
थंडीत एकदा, उन्हाळ्यात दोनदा
अंगठी नसलेला हात आत जातो.
ढवळणाऱ्या हाताचे जंतू म्हणे तिथेच वस्ती करतात.
म्हणजे ती आहे, तिची सासू आहे, त्या सासूची सासू,
आणि आता मी,
एवढ्याशा जागेत चार बायका,
आणि भांडण म्हणून नाही.

रविवारी बस धरून वृद्धाश्रमात जाते.
तोयोनो कधी मला नर्स समजते,
कधी पोस्टमनची बायको.
मुलाचं नाव तिला आठवत नाही,
मीही आठवून देत नाही.
तिला मीठ बंद आहे. तरी डब्यातून वांगं नेते,
निळंजांभळं, पातळ चिरलेलं,
खरी नर्स पाठमोरी झाली की भरवायला.
मागच्या रविवारी तिने डबा दूर लोटला.
माझा हात नाकाशी नेला,
बराच वेळ हुंगला, तळवा, मग बोटांची पेरं.
"काल ढवळलं नाहीस."

नव्हतं ढवळलं. दुकानात माल आला होता,
मालकासोबत मीही टायर वाहिले,
पाठ भरून आली, तशीच झोपले.

परतताना बसमध्ये शेजारची मुलगी
जरा सरकून बसली.
मी हात खिशात घातला, मग बाहेर काढला,
मांडीवर उघडाच ठेवला.
घरी पोचल्यावर दिवा न लावताच
बाही वर केली.