तेरावं प्रकरण

कादंबरीत निंगव्वाला बुडवायचं होतं.
तेराव्या प्रकरणात, पहाटे, बोर नदीत.
पुण्यात बसून मी डोह लिहिला,
काठावर करंज, वर धुकं.

सुट्टीत संखला गेलो,
मलकाप्पाला वाचून दाखवलं.
तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता.
म्हणाला, "बोर नदीत? कंच्या साली?"
एवढंच.

मग आठवत गेलं:
त्या पात्रात आम्ही क्रिकेट खेळायचो,
स्टंप रोवले की वाळूतून तसेच पडायचे.
टँकरच्या रांगेत घागरीमागं उभी
खरी निंगव्वा,
कानडीत शिव्या, मराठीत हिशेब.
आणि माळ इतका सपाट
की रुसून निघालेलं माणूस
तासभर दिसत राहायचं,
हाक मारायला वेळ मिळायचा.

डोह खोडला. करंज खोडला.
धुकं तर कधी नव्हतंच.

आता ती चालतेय
कोरड्या पात्रातून पलीकडं,
चपलेत खडा, डोक्यावर ऊन,
पान संपत नाही.
मागून कुणीतरी हाक मारणार आहे.
कोण,
ते मला अजून आठवलेलं नाही.