भ्रंश

अडावदच्या अलीकडे, सुपडू महाजनांच्या केळीत
तीनशे ऐंशी फुटांवर सेल्वमने यंत्र थांबवलं.
अजून गोट्यांचाच चुरा येत होता, पिवळी माती,
मग परत गोटे, पाण्याने घासलेले.
खडक नाही.

उत्तरेला दोन शेतं ओलांडली
की गफूर तडवीची बोअर.
तिथं चाळीस फुटांत काळा पाषाण लागला,
राखाडी धुळीने त्याची बैलजोडी भुतासारखी दिसत होती.

दोन शेतं. मध्ये बांध, बांधावर निंब,
आणि निंबाखाली कुठेतरी ती रेघ
जी नकाशावर मी तुटक काढते.
दिसत नाही ते तुटक काढायचं असतं.

आबा म्हणाले, "जमीन बठेल शे, ताई."
मी वहीत लिहिलं: भ्रंश. दक्षिणेचा ठोकळा खाली.
आबांचं वाक्य जास्त बरोबर होतं.
बसलीच ती. एका हादऱ्याला वीतभर,
मग हजारो वर्षं गप्प, मग पुन्हा वीतभर.
सातपुडा जेवढा उठला असेल तेवढाच
आपण खाली बसल्यामुळेही उंच दिसतो.
वरून तो झिजत राहिला, खालचा खड्डा भरत राहिला;
त्या भरावावर ही केळी.

तापी मावळतीला जाते ती काही हट्टाने नाही,
चिरेत पाय घसरला तिचा.
आणि याच घराण्यातली एक थोरली चीर
दूर पश्चिमेला रुंद होत गेली;
पलीकडची जमीन निरोप न घेता निघाली,
मधल्या जागेत पाणी शिरलं.
आज त्यावर मुंबईचे लोक सूर्यास्त बघतात.
उनपदेवला गोमुखातून अजून ऊन पाणी येतं,
जखम पूर्ण थंड झालेली नाही एवढंच.

पाचवीत मी "शे" म्हणाले तेव्हा
कुलकर्णी बाईंनी पट्टी उगारली होती:
"हा अपभ्रंश. नीट बोल. आहे."
मी नीट बोलू लागले. नोकरी लागली.
पुढे कधीतरी शब्दकोशात दिसलं
की बाईंची मराठीसुद्धा त्याच खचलेल्या जागेतून वर आली,
फक्त तिच्यावर गोटे जास्त साचले.

सेल्वम हाताने विचारतो: अजून?
फुटामागे पैसे वाढताहेत.
आबा बांधाकडे बघतात, निंबाकडे, मग माझ्याकडे.
माझ्याकडे आकडे आहेत, खात्री नाही.
तरी तोंडातून निघून जातं,
चाळीस वर्षांनी, पट्टीच्या आवाजाआधीचं:

"आजून जाऊ द्या, आबा.
पानी शे खाले."