हातचा

डबा तोच. वीस फुटी, गंजक्या लाल रंगाचा,
दारावर आधीच्या कुणीतरी खडूने काढलेला मासा.
जहाजही तेच, आरिका बंदरातून गुरुवारी रात्री सुटणारं.
फरक एवढाच, की माझा डबा चाल्यापाताहून निघतो, बोलिव्हियातून,
आणि मावसभाऊ एर्मोखेनेसचा चिलीतल्या आसापाच्या खोऱ्यातून,
जिथून, तो म्हणतो, शीळ घातली
तरी बंदरातलं कुत्रं कान टवकारतं.

काल रात्री फोनवर आम्ही एकमेकांना बिलं वाचून दाखवली.
त्याचं दोन घोटांत संपलं:
अडत्या, क्रेन, शिक्का, बंदराची पट्टी.
एकोणीस टन ऑलिव्ह, नऊशे पन्नास डॉलर.
मग माझं.
मी वाचत राहिले. त्याने मध्येच उठून चहा ठेवला,
चहा उतू गेला, शेगडी पुसून झाली,
मी अजून घाटातच होते.
एकोणीस टन किन्वा. दोन हजार आठशे पन्नास.
"तिप्पट," तो म्हणाला.
"भागाकार मलाही येतो," मी म्हटलं.

जे बिलात नव्हतं ते वाचलं नाही.
ताम्बो केमादोच्या नाक्यावर प्रिमितिवोच्या ट्रकने काढलेल्या तीन रात्री,
गोठलेल्या डिझेलच्या टाकीखाली पेटवलेला बोळा,
गालात कोकाची पानं,
आणि खिडकीतला साहेब: तारीख पुसट आहे.
एका पुसट तारखेसाठी माणूस खाली येतो, पुन्हा वर जातो.
एक सील कापतात, दुसरं लावतात,
दुसऱ्याचा नंबर पहिल्याच्या कागदाशी जुळत नाही.
या सगळ्याला माझ्या वहीत रकाना नाही.
मी ते "इतर" मध्ये ढकलते
आणि तोंडमिळवणी करते.
अकरा वर्षांत एकाही तपासनिसाने विचारलं नाही
की बाई, हे इतर म्हणजे कोण?

दूरच्या कुठल्याशा शहरात
कुणीतरी दोन्ही देश एकाच तक्त्यात बसवलेत,
वर एक, खाली एक, पुढे आकडे.
मध्ये केसासारखी बारीक रेघ.
ती रेघ ओलांडायलाच प्रिमितिवोला तीन रात्री लागतात.

मार्चात इथे पोरं निळे झेंडे घेऊन चालतात,
न पाहिलेल्या समुद्राची घोषणा देतात.
माझ्या लेकीने नकाशा रंगवला
तेव्हा निळा खडू हद्दीबाहेर गेला.
बाईंनी गुण कापले नाहीत.

मला शाळेत शिकवलं होतं:
बेरजेत हातचा डावीकडच्या घराला द्यावा.
देते. शेकड्याला देते, हजाराला देते,
शेवटी एक उरतोच बोटावर.
नकाशात डावीकडे आमचं घर संपतं.
पुढे उतार आहे, मग पाणी.

फोन ठेवल्यावर झोप येईना.
गोदामात गेले, दिवा लावला,
पोती तोलायच्या काट्यावर चपला काढून उभी राहिले.
अठ्ठावन्न किलो.
किलोमागे पंधरा सेंट, म्हणजे आठ डॉलर सत्तर.
एवढ्यात मी समुद्रापर्यंत जाऊ शकते,
सीलबंद, कोरडी, उंदरांपासून सुरक्षित.
सकाळी एर्मोखेनेसला सांगितलं. तो खूप हसला.
"आमच्या दराने ये की, दोन नव्वदमध्ये होशील!"
"तुमच्या दराने यायचं
तर आधी तुमच्याकडे जन्मावं लागतं रे."
पलीकडे एवढी शांतता
की मला वाटलं लाइन कटली.
मग म्हणाला, "सातुर्निना, बस पकड. तिकिटाचं मी बघतो."

बस महाग पडते. किलोमागे काढलं तर फारच.
तरी तो आकडा मी पेन्सिलीने लिहिलाय,
वहीच्या मागच्या पानावर,
कुठल्याच देशाखाली नाही.

बाहेर हॉर्न वाजतोय. प्रिमितिवो आला.
तारीख मी यंदा दोनदा गिरवलीये.