एकोणिसावा किलोमीटर

खोपटात एक पेटी. पेटीतून निघते काचेची तार,
केसाएवढी बारीक, चौऱ्याऐंशी किलोमीटर लांब.
टेलिफोन कंपनीनं रस्त्याकडेला पुरली आणि विसरली.
आम्ही ती भाड्यानं घेतली, ऐकण्यासाठी.

काम म्हटलं तर सोपं:
सेकंदाला हजारदा उजेड आत सोडायचा
आणि काय परत येतं ते बघत बसायचं.
येतो अगदी थोडा,
काचेतल्या कणभर खोटींवर आपटून मागे फिरलेला.
जमीन हलली की खोट हलते,
खोट हलली की उजेडाचा सूर बदलतो.
नवी होते तेव्हा वाटायचं, काच निर्मळ असती तर किती बरं.
निर्मळ काच उजेड घेऊन जाते, ती जातेच.
खोट आहे म्हणून खबर येते.

फिनमार्कच्या पठारावर डिसेंबरात दिवस उजाडत नाही.
आयलू आला तो बुटांवरचा बर्फ न झटकता.
"माझी सत्तर रेनडिअर गेलीत.
तुझ्या त्या तारेला विचार."

चालताना रेनडिअरच्या पायातली शीर कटकन वाजते,
अंधारात कळप त्या आवाजाला धरून राहतो,
हे त्यानंच मला सांगितलं.
तार इतकं बारीक ऐकत नाही. खूर ऐकते.
एकसष्टाव्या किलोमीटरला, पहाटे चार दहाला,
पडद्यावर मोहरी सांडावी तसे ठिपके,
रस्ता ओलांडून उत्तरेला.
त्यानं बोट ठेवलं. "हीच." कशावरून, ते मी विचारलं नाही.

मग कॉफी. मग खूप वेळ काही नाही.
"मागच्या वर्षी हॅमरफेस्टला डॉक्टरीणबाईनं
असाच धागा माझ्या मांडीतून काळजापर्यंत नेला,
आतला दाब मोजायला. आता जमिनीतही घातलात."
कप फिरवत राहिला.
"माणूस ऐकू येतो का यात?"
"वारा असला तर नाही."
"आणि नसला तर?"
मी किटली उचलली. ती रिकामी होती.

ऑक्टोबरपासून दर गुरुवारी, रात्री अकराच्या सुमारास,
एकोणिसाव्या किलोमीटरला, जिथं रस्ता तळ्याला चिकटतो,
दोन पावलं येतात.
जड, डावं किंचित उशिरा.
तळ्यापाशी थांबतात.
उभ्या माणसाचा आवाज होत नाही.
चाळीस मिनिटं पडदा कोरा,
मग तीच पावलं परत, आली त्यापेक्षा सावकाश.
त्या तळ्यात त्याचा भाऊ स्कूटरसकट बर्फाखाली गेला,
हे मला दुकानात कुणीतरी सांगितलं होतं, पाव घेताना.

त्रेसष्ट सापडली. सात नाही.
त्यानं मांसाची एक तंगडी दारात टांगून ठेवली, चिठ्ठी नाही.

महिनाअखेर प्रत्येक नोंदीला नाव द्यावं लागतं.
यादी आखलेली आहे: वाहन, जनावर, बर्फ, वारा.
मी वारा लिहिलं.
नऊ गुरुवार, नऊदा वारा.

आता त्या रात्री मी पडदा भिंतीकडे वळवते
आणि विणायला बसते.
पेटीचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो.
ती ऐकतेच.